शिशाचा आकडा

जयमाला दवाखान्याच्या खिडकीत केसपेपरावरच्या आजारापुढे आजारांच्या यादीच्या पुस्तकातला त्याचा ठरलेला आकडा लिहायची. समोर शिरवण्याची आनंदी उभी होती, नवरा बाकावर पोट धरून. तो जुन्या बॅटऱ्या वितळवायच्या भट्टीवर होता. "बाय, हसला का हिरड्यांना काजल लावल्यासारका दिसतो! शिसा भिनलाय लिव, म्हंजे कंपनी भट्टीवरशी काढल." डॉक्टरांनी मात्र 'रक्त कमी' एवढंच लिहिलं होतं, दुपारी ते त्याच कंपनीत बसत. जयमाला आत डॉक्टरांना विचारायला गेली. "लिहिलंय तेवढंच उतरवा, बाई. नोकरी नकोशी झालीय का?" तिने परत येऊन 'रक्त कमी'चा आकडा लिहिला, शिक्का मारला. आनंदीला वाचता येत नव्हतं. तिने कागद उलटसुलट पाहिला. "शिसाच ना, बाय?" जयमालेच्या तोंडून "हो" निघून गेलं. आनंदीने तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि नवऱ्याला हाक मारली: "चला, सुटलाव!"