तिची जागा

बायको गेल्याचं सुताराला तिच्याच फोनवरून कळलं. "काका, धडक दिली ती गाडी माझीच होती. मी यांच्याजवळच बसलोय," एवढं बोलून पलीकडचा परका माणूस रडायला लागला. सुतारानं फोन आपटला.

तीन आठवड्यांनी, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, तो चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर बसला. बाक त्यानंच बनवलेला. शेजारी तिच्या जागेवर त्यानं तिचं गीतांचं पुस्तक ठेवलं होतं. उपासनेला पाय ठेवायला जागा नव्हती.

"काका, इथे बसू का?"

सुतारानं आवाज ओळखला. तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण हा आवाज झोपेतही त्याची पाठ सोडत नव्हता.

"ही जागा हिची आहे."

"माहीत आहे, काका. उभा राहतो मी."

आणि तो खरंच उभा राहिला, तासभर, बाकाला धरून. सुतारानं एकदाही मान वर केली नाही. शेवटी पाळक म्हणाले, "आता एकमेकांना शांती द्या." सगळे शेजाऱ्यांकडे वळले. सुताराच्या मुठी मांडीवर आवळलेल्या. तीन आठवडे तो देवाकडे दात-ओठ खाऊन एकच मागत होता: त्या माणसाला एकदा माझ्यासमोर आण.

देवानं आणला होता.

सुतारानं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. "बस," तो म्हणाला आणि हात पुढे केला. "शांती असो."

"तुम्हालाही, काका."

कितीतरी दिवसांनी सुताराचा श्वास छातीत न अडकता खाली उतरला.

शेवटच्या क्षणी ती काही बोलली का, हे मात्र त्या माणसाला विचारायचं राहिलं आहे.