सातवी डिझायनर

नव्या फ्लॅटच्या किल्ल्या हातात येऊन आठ महिने झाले, तरी घोडं इंटिरिअर डिझायनरपाशीच अडलं होतं. शहरातले सहा नावाजलेले डिझायनर येऊन गेले. बायकोला जो पटायचा, त्याच्यात नवरा खोट काढायचा; त्याला जो आवडायचा, त्याचं नाव ऐकूनच हिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पडद्याच्या रंगावरून सुरू झालेला वाद थेट एकमेकांच्या आईबापांच्या उद्धारापर्यंत जायचा. आताशा तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

सातवी डिझायनर सगळ्यांत महागडी. तिने ना कॅटलॉग उघडला, ना मोजायची टेप. रिकाम्या हॉलमध्ये नवऱ्याला खिडकीशी उभं केलं, बायकोला दाराशी, आणि दोघांच्या हातात एकेक कोरा कागद दिला.

"एकमेकांचं न बघता लिहा. या घरात तुम्हाला सगळ्यात आधी काय हवंय?"

बायकोने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. तो खाली मान घालून भराभर लिहीत होता. म्हणजे आता पुन्हा वाद. पण भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं, म्हणून तिने मनात होतं तेच लिहून टाकलं : 'आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली.'

डिझायनरने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून वाचले. तिचा चेहरा खुलला.


"अहो, मग भांडता कशाला? तुमचं दोघांचं तर शब्द न् शब्द जुळतंय!"