एक नंबर मोठा

"टाच उचलतेय, काकू," दुकानदार म्हणाला. "नाही जमायचं."

पद्मजाबाई तरीही दुकानात आणखी एक फेरी मारून आल्या. पाऊल उचललं की पाय आतल्या आत वर यायचा आणि बूट मागून सावकाश यायचा. दोन मोजे घालीन म्हणाल्या, तर दुकानदाराने मान हलवली.

"तीन घाला. गाडी आडवी झाली की बूट एकीकडे आणि पाय एकीकडे. मग पायातली चप्पल काय वाईट होती?"

एरवी असलं बोलणं त्यांच्या नवऱ्याला, अनंतरावांना, लागलं असतं. आज स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना तो माणूस आवडून गेला.

उद्या रविवार. उत्कर्षा नावाच्या मुलीने जमवलेल्या बायकांच्या गटाबरोबर पद्मजाबाई कात्रजचा घाट चढून जाणार होत्या. साठी उलटल्यावर, मुलाने, पुष्करने, परदेशी जाताना मागे ठेवलेल्या मोटरसायकलवर. गाडी त्यांना चांगली यायला लागली होती, आणि अनंतरावांची झोप उडाली होती ती त्यामुळेच. उत्कर्षाची अट एकच होती: घोटा झाकणारे बूट नसतील त्यांना मी कात्रज चौकातूनच परत पाठवीन. अनंतरावांची सगळी भिस्त या अटीवर होती. शनिवारी पादत्राणं घेत नाहीत, अशी आठवणही त्यांनी सकाळी करून दिली होती. जन्मभर त्यांनी शनिवार मानला नव्हता. पद्मजाबाईंनी कुलूप-किल्ली त्यांच्या हातात ठेवली होती, आणि दोघं रिक्षाने स्वारगेटला आले होते.

सहाच्या खालचा नंबर मागवावा लागेल, असं दुकानदार म्हणाला. पंधरा दिवस तरी जातील. बायका मागतच नाहीत, तर मी ठेवू कुणासाठी?

पद्मजाबाई बसल्या. बूट काढून त्यांनी ते जोडीने नीट कडेला ठेवले आणि चपलांत पाय सरकवले. पर्समध्ये फोन शोधत म्हणाल्या, "जाऊ दे. पुढच्या वेळी बघू. कळवते उत्कर्षाला."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण हा आवाज अनंतरावांच्या ओळखीचा होता. पुष्करची परीक्षा असो, सासूबाईंचं आजारपण असो, याच आवाजात त्या 'पुढच्या वेळी बघू' म्हणत आल्या होत्या आणि घर सुरळीत चालत आलं होतं. अनंतरावांना तो आवाज नेहमीच सोयीचा वाटला होता.

ते भिंतीकडे बघू लागले. भिंतीवर पाटी होती: 'बूट घालून पाहावेत. घालून जाऊ नये.' ती त्यांनी आधीच वाचली होती. समोर आलेलं सगळं वाचायचं, ही त्यांची खोडच होती. मघाशी पद्मजाबाई तरातरा आत शिरल्या, तेव्हाही ते बाहेर थांबून दुकानाची नावपाटी, तिच्याखालच्या सूचना, सगळं वाचत राहिले होते. बाहेरच्या त्या पाट्यांखालच्या काचेच्या कपाटात एक बुटांचा जोड होता. त्यातला एक बूट आडवा पडला होता आणि त्याचा तळ काचेला टेकला होता. तळावर लिहिलं होतं, चार. पद्मजाबाईंचा नंबर.

तेही त्यांनी वाचलं होतं. वाचून ते गप्प आत आले होते.

अनंतराव खाकरले. कुणी बघितलं नाही. ते पुन्हा खाकरले.

"बाहेर काचेत एक जोड आहे," ते म्हणाले. "चार नंबरचा."

"तो शोभेचा आहे."

"विकायचा नाही का?"

"विकायलाच आणला होता. कुणी विचारलं नाही, म्हणून शोभेचा झाला."

दुकानदाराने जोड आणून फडक्याने पुसला. एक बूट तपकिरी होता. दुसरा उन्हात राहून पार चहाच्या रंगाचा झाला होता. रंगाबद्दल तक्रार चालणार नाही, असं त्याने आधीच बजावलं.

पद्मजाबाईंनी फोन परत पर्समध्ये टाकला. "तुम्हाला कधी दिसला हा?"

"आत येताना," अनंतराव म्हणाले.

त्यांनी नवऱ्याकडे क्षणभर पाहिलं. मग बुटात पाय घातला.

त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या. टाच हलली नाही. दुकानदाराने बूट घोट्याजवळ दाबून पाहिला आणि आता गिअर टाकल्यासारखा डावा पाय वर उचला म्हणाला. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून पद्मजाबाईंनी बुटाचं टोक स्टुलाच्या आडव्या दांडीखाली घातलं आणि उचललं. अनंतरावांसकट स्टूल हललं.

"बसला," दुकानदार म्हणाला.

अनंतराव उतरले. गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले आणि बुटाच्या टोकाशी अंगठा दाबून पाहू लागले. दर जूनमध्ये पुष्करच्या शाळेच्या बुटांवर ते असाच अंगठा दाबायचे आणि एक नंबर मोठा द्या म्हणायचे.

"अहो, काय करताय? लोक बघतायत," पद्मजाबाई म्हणाल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"पुढे जागा फार नाही," अनंतराव काळजीने म्हणाले.

"बोटं हलतायत ना त्यांची? मग झालं," दुकानदार म्हणाला.

पद्मजाबाईंनी आतल्या आत बोटं हलवून पाहिली. मग थेट अनंतरावांच्या त्या जूनमधल्या सुरात त्यांनी विचारलं, "आणि पाय वाढला तर?"

अनंतराव वाकलेलेच होते. बुटाचा पट्टा त्यांनी आणखी एक भोक घट्ट केला.

"वाढला तर पुन्हा येऊ," ते म्हणाले.