शेजारचा ब्रेक

“डावीकडे!” तो म्हणाला, आणि पडद्यावरची लाल गाडी झोकात उजवीकडे वळली.

डावीकडे दगडी भिंत होती. ती त्याला दिसत होती. पण एकवीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवल्यावर काही खोडी हाडात मुरतात. शिकणारा रस्त्याकडे बघतोय की नुसता आपल्या तोंडाकडे, हे तपासायला तो अधूनमधून मुद्दाम चुकीचं वळण सांगायचा. आज शर्यत रंगात आली आणि ती जुनी खोड जिभेवर आली. गाडी भिंतीवर आदळायला हवी होती. यंत्राला कान असतात, डोळे नसतात.

पुढच्या वळणावर तो मुद्दाम गप्प बसला. गाडी जराशी घोटाळली. मग वळलीच.

मानेच्या दुखण्यानं दोन्ही हात लुळे पडले, त्याला वर्ष झालं होतं. घासही बायकोच्या हातानं तोंडापर्यंत यायचा. दोन महिन्यांपूर्वी लेकीनं हा खेळ आणला. टीव्हीला जोडायचं यंत्र आणि समोर बोटभर माईक. “बाबा, हाताचं काम नाही. तुम्ही नुसतं बोला, गाडी ऐकेल.” पहिले दोन दिवस गाडी ऐकेना. शब्द पोचेपर्यंत वळण निघून जायचं. तो धड जेवलाही नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “आता बघा, तिला तुमच्या आवाजाची सवय झाली असेल.” आणि खरंच झाली. तेव्हापासून तो हरला नव्हता. तो व्यायामाला जायचा त्या केंद्रात रविवारी हात न चालणाऱ्या अशाच माणसांची, याच खेळाची शर्यत होती. त्यानं नाव दिलं होतं, जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. वर्षभरानं कुणीतरी त्याला पुन्हा ‘सर’ म्हणणार होतं.

पाठीमागे जेवणाच्या टेबलाशी बायको रोज मटार सोलत बसायची. शर्यत सुरू झाली की शेंगांचा आवाज थांबायचा. त्याला वाटायचं, श्वास रोखून बघत असेल बिचारी.

तो उठून टेबलापाशी गेला. ताटात सालांचा ढीग होता. ढिगाखाली तिचे दोन्ही हात होते, आणि हातांमध्ये बटणं दाबून खेळायचा कंट्रोलर. त्याचा हिरवा दिवा सालांतून लुकलुकत होता.

“कधीपासून?”

“अहो, ऐका तरी...”

“कधीपासून?”

“तिसऱ्या दिवसापासून. लेकीला फोनवर विचारून जोडला.”

“म्हणजे तीसुद्धा!” तो हसला, पण ते हसू तिच्याच्यानं बघवेना. “एकही शर्यत माझी नव्हती. मी आपला वेड्यासारखा ओरडतोय, आणि तुम्ही मायलेकी मला खेळवताय. परक्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. रविवारी काय करणार होतीस? चारचौघांत मटारचं ताट घेऊन बसणार होतीस? माझी काय शोभा झाली असती, कळतंय का तुला?”

तिनं हात सालांतून बाहेर काढले. पदराला पुसले.

“कळतंय,” ती म्हणाली. “माझ्या परीक्षेच्या गाडीला तरी कुठं होता शेजारचा ब्रेक?”



बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नवं लग्न, नवी शाळा. शिकवणीच्या गाडीत मास्तराच्या पायाशीही एक ब्रेक असतो, एक क्लच असतो. वीस दिवस ती गाडी शिकली. “माझे पाय केव्हाच वर घेतलेत. तूच चालवतेयस, राणी,” तो रोज सांगायचा, आणि तळव्याखाली क्लच अलगद सोडायचा. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याला मोडवत नव्हता. परीक्षेच्या दिवशी गाडी साधी होती, शेजारी तो नव्हता; चढावर ती मागं घसरली आणि पिंपावर आदळली. रांगेतली माणसं खो खो हसली. त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. “तिचा तो पिंडच नाही,” असं तो सगळ्यांना सांगत आला. सांगता सांगता त्यालाही ते पटलं होतं.

“तुला कधी कळलं?”

“तेव्हाच. चढावर.”

बावीस वर्षं. आणि एका शब्दानं बोलली नव्हती ती.

तो परत टीव्हीसमोर जाऊन बसला. “ठेव तो खाली.”

कंट्रोलर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यानं माईकला सांगून शर्यत पहिल्यापासून सुरू केली. “उजवीकडे!” गाडी भिंतीवर. पुन्हा भिंतीवर. तिसऱ्या खेपेला त्यानं वळण यायच्या कितीतरी आधी हाक दिली. गाडी भिंतीला घासत, खरचटत, पण वळली.

“रविवारी शेवटचा येईन,” मान न वळवता तो म्हणाला. “पण मी येईन.”

मागून पुन्हा शेंगा सोलल्याचा आवाज येऊ लागला.

“आणि उद्या सकाळी शिकवणीच्या गाडीवरची ताडपत्री काढ. शिकाऊची पाटी लाव. मैदानावर जाऊ. तू चालव, मी शेजारी बसतो.”

ती हळूच म्हणाली, “आणि पाय? पाय कुठं असतील तुमचे?”

“सीटवर,” तो म्हणाला. “मांडी घालून बसेन.”