शुद्ध पाण्यातली लाळ

आमच्या प्रयोगशाळेतल्या चिमूटभर पावडरीला इतकी बारीक छिद्रं आहेत, की त्यांचा पृष्ठभाग पसरला तर अख्खं मैदान झाकेल. त्यामुळे लाळेचा कणही तिच्या तावडीतून सुटत नाही. पण बशीतल्या माझ्या शुद्ध पाण्यात ती टाकली, तरी तिला जोडलेला मीटर रोज लाळ दाखवायचा, आणि आमचे सर रोज त्या उघड्या बशीवर वाकून माझ्यावर डाफरायचे, "गलथान कुठली! महिनाअखेर शून्य आलं नाही, तर गाशा गुंडाळ!"

मग सर चार दिवस परिषदेला गेले. चारही दिवस शून्य आलं.

परतल्यावर महाशयांनी माझी वही चाळली आणि त्याच बशीवर वाकून गरजले, "बघितलंस? दम भरल्याशिवाय तुम्ही लोक वठणीवर येतच नाही!"



मीटरवर शून्याचे सतरा झाले.