पायवाटेच्या कडेची रोपं

"जहूर, ये देखो. फिर निकला."

गुणवंत पायवाटेच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याच्या चिमटीत करड्या-हिरव्या पानांचं कोवळं रोप होतं. अफूचं.

जहूरच्या हातातला पाइप नुसताच वाहत राहिला. "साब, कल ही पूरा खेत देखा था. खुदा की कसम, मैंने नहीं बोया."

"तो क्या आसमान से गिरा?"

जहूरने पाइप खाली टाकला. या आखाती देशात अफूचं एक रोप म्हणजे तुरुंग, हे त्याला ठाऊक होतं.

अल ऐनच्या रस्त्यावरच्या या शेतात काकडी आणि टोमॅटो पिकायचे. जहूर इथला एकटा राखणदार, आणि गुणवंत भाजी कंपनीचा सुपरवायझर. मंदी आली तशी कंपनीने निम्मी माणसं घरी धाडली आणि उरलेल्यांच्या गाड्याही काढून घेतल्या. कामाशिवाय शेतावर फिरकायचं नाही, असा हुकूम निघाला. एरवी हंगामात एक फेरी. फक्त जिथे अफू सापडेल तिथे दर आठवड्याला तपासणी, शेत साफ होईपर्यंत. त्यामुळे गुणवंत थंडीभर दर आठवड्याला इथे येत होता.

रिपोर्टमध्ये तो जहूरचं नाव लिहीत नसे. 'वाऱ्याने आलेलं बी, लक्ष ठेवून आहे,' एवढंच. रोप उपटायचं, जाळायचं आणि मग खोपटापुढे चहा.

चहा जहूर झकास करायचा. वेलची घालून, दोनदा उकळून. सोबत जाड, गरम रोटी. गुणवंतला आठवडाभर त्याचीच वाट असायची. पगार कापल्यावर त्याने अनुराधाला आणि ईशानीला पुण्याला पाठवून दिलं होतं. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटमध्ये आता फ्रीजचा आवाज तेवढा सोबतीला होता. फोन केला की ईशानी म्हणायची, "बाबा, कॅन वुई टॉक लेटर?" आणि अनुराधा म्हणायची, "जेवलास ना? मग ठेवते." तो फार एकटा पडला होता, आणि हे कुणाला सांगावं तर समोर माणूस नव्हतं.

जहूर मात्र बोलायचा. त्याच्या गावावरून इंग्रजांनी कधीकाळी सरहद्दीची रेघ ओढली. घर पाकिस्तानात राहिलं, शेत अफगाणिस्तानात गेलं. बाप रोज रेघ ओलांडून अफू पेरायला जायचा. पुढे बंदी आली. तिकडच्या शिपायांनी उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरवला, इकडच्यांनी बापाला पकडून नेलं. तो कोठडीतच मेला.

"उसी से भाग के आया था, साब," जहूर आज चहा ओतताना म्हणाला. "और वो मेरे पीछे-पीछे यहाँ तक आ गया."

"मैं हूँ ना. रिपोर्ट मेरे हाथ में है."

"आज आप हैं. कल कोई और साब आएगा, तो?" जहूरने पेला पुढे केला. "रात को नींद नहीं आती. बत्ती लेके ज़मीन देखता रहता हूँ. मैंने कंपनी को बोल दिया. खलास. परसों की फ्लाइट है."

गुणवंतचा पेला ओठांपाशीच थांबला. "अरे, पागल है क्या? कुछ नहीं होगा. अगले हफ्ते देखना, एक भी पौधा नहीं मिलेगा. मेरी गॅरंटी."

"आप भले आदमी हैं. मगर दिल डर गया है."

"उधर जाके करेगा क्या?"

"बाप की ज़मीन है. बोऊँगा."

"क्या बोएगा?"

जहूर खाली बघत कसनुसं हसला. "वहाँ और क्या होता है, साब?"

निघताना जहूरने उरलेल्या रोट्या कागदात बांधून दिल्या, गळाभेट घेतली आणि पाइप उचलून काकडीच्या वाफ्यांकडे गेला.

गुणवंत पायवाटेने, तपासणीपुरत्या मिळणाऱ्या कंपनीच्या गाडीकडे चालत राहिला. कुंपणाचं फाटक ओलांडल्यावर त्याच्या ध्यानात आलं, अनारशांसाठी अनुराधाने इथला कायदा माहीत नसताना पुण्याहून आणलेली खसखस खिशात तशीच होती. आज पेरायची राहून गेली होती.