सुटा भाग

डॉक्टर रेत्नानीने ट्रक तळहातावर घेतला आणि दात तपासायचा छोटा आरसा त्याच्या केबिनच्या खिडकीशी धरला.

"जपून," सुदिब्यो म्हणाला. "रंग उडेल."

"लोकांच्या दाढा उपटते मी, साहेब. रंग नाही उडायचा."

शुक्रवारची दुपार होती. सेमारांग शहरातले पुरुष नमाजाला गेलेले, दवाखाना बंद. सुदिब्यो मात्र नमाज चुकवून, स्वतः गाडी चालवत इथे आला होता. आल्या आल्या त्याने जाकीट दाराजवळच्या खुंटीवर अडकवायला हात वर केला, तर ती चटकन म्हणाली होती, "तिथे नको." खुंटीवर एक निळा रेनकोट होता, एका बाहीला फाटलेला. पाऊस तर कधीचा गेला होता.

"नवऱ्याचा आहे," ती म्हणाली होती.

"बाहेर गेलेत का?"

"हो."

जाकीट आता त्याच्या मांडीवर होतं आणि घामाने ओलं झालं होतं.

सुदिब्यो ट्रकांचा मालक. काही वर्षांपूर्वी ईदेला त्याने आपल्या सगळ्यात लाडक्या ट्रकचं, 'स्री रेजेकी'चं, हुबेहूब छोटं डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूचं, मॉडेल बनवून घेतलं आणि ड्रायव्हरांना, टायरवाल्यांना, गिऱ्हाईकांना वाटलं. मालकाला पगार वाढवायचे नसले की तो भेटी वाटतो. गेल्या ईदेला त्याच मॉडेलची नवी आवृत्ती वाटली. आणि आता तो जुनी आवृत्ती परत गोळा करत होता. गिऱ्हाईकांना बदल्यात दुसरी मॉडेलं दिली. ड्रायव्हरांकडून नुसती काढून घेतली. नाही म्हणून जाणार कुठे ते?

हा एकच नग उरला होता. रविवारी मॉलमध्ये संग्राहकांचा मेळावा होता. यंदा जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी मांडायची होती, प्रत्येक जोडीचा फोटो निघणार होता. 'स्री रेजेकी'च्या जोडीसाठी या बाईने नाव दिलं होतं.

"माझी गाडी, अन् जोडी मांडणार तुम्ही? लोक हसतील मला," तो म्हणाला.

"हसू द्या. मलाही हसतात. गेल्या वर्षी नाद लागला. जाऊबाई म्हणतात, दातांची डॉक्टर ट्रक खेळते, हिला आधी डोक्याच्या डॉक्टरकडे न्या."

तिने नवा ट्रक जुन्याशेजारी ठेवला. दोन्ही ट्रक बोटांनी उचलून पाहिले.

"जुना जड आहे."

"चासी धातूची आहे ना. नव्याची प्लास्टिकची. म्हणून तर जुना पाहिजे. डॉक्टर, मी खोकंभर माल आणलाय. जपानी मॉडेलं आहेत, सील न फोडलेली. काय हवं ते घ्या."

तिने खोक्याकडे पाहिलंही नाही. "मागच्या फाळक्यावरचं छत्रीवाल्या बाईचं चित्र गेलं. 'रागावू नकोस, येतोय गं' हेही गेलं. छान होतं की ते."

"जुनं झालं होतं."

"बंपर लाल होता, आता हिरवा."

"हौस."

"आत ड्रायव्हर बसलाय जुन्यात. पांढरी टोपी. कोण हा?"

सुदिब्योला हसू आलं. आल्यापासून पहिल्यांदाच. "मीच. मुद्दाम बसवायला लावला. त्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही मी. बाकीच्या गाड्या ड्रायव्हर चालवतात, ही माझी."

"मग नव्यात केबिन रिकामी का?"

त्याचं हसू मावळलं. "कारखान्याने पैसे वाचवले. आता देता का? मला निघायचंय."

"रिवाज माहीत आहे ना तुम्हाला? नग हातात देण्याआधी खऱ्या गाडीवरचा बदल कधी झाला ते सांगायचं. नाहीतर नग अनाथ."

"अहो, मेळाव्यातल्या रिकामटेकड्यांचे चोचले ते!"

"असतील. मग राहू द्या."

ती ट्रक काचेच्या कपाटाकडे न्यायला लागली. सुदिब्यो उठून उभा राहिला.

"थांबा. कसला बदल?"

"हा." तिने दात टोकरायची सळई जुन्या ट्रकच्या बंपरवर टेकवली. तिथे डाव्या बाजूला मान पुढे काढलेला, चोच उघडलेला बारकासा कोंबडा होता. "नव्यात हा नाही."

"खऱ्या गाडीवरचाच गेला. लोहाराकडून घडवून घेतला होता, एकच. तसा दुसरा अख्ख्या जावा बेटावर कुणाकडे नव्हता. मॉडेल गाडीसारखंच हवं ना?"

"हो. तुमचं तेच आवडलं मला, खोटेपणा नाही. कधी गेला?"

बाहेर मशिदीतून माणसं परतू लागली होती. त्याच्या फोनचा दिवा लागला, विझला. एवढं बोललं की सुटलो.

"गेल्या वर्षी. रोजे लागायच्या आदल्या रात्री."

"आणि त्या रात्री गाडीवर?"

"मीच. सांगितलं की. आता द्या."

तिने जुना ट्रक त्याच्या हातात ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. दाराकडे वळतानाच मनात आलं, घरी जाऊन हातोडा घ्यायचा.

"साहेब, याचा एक सुटा भाग राहिलाय माझ्याकडे. नगाबरोबर सगळे भाग द्यायचे असतात."

तिने हत्यारांच्या खणातून टॉवेलची गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. आत मुठीएवढा लोखंडी कोंबडा होता, बुडाशी तुटलेला, आणि त्याच्या उघड्या चोचीत निळ्या रेनकोटची चिंधी अडकलेली होती.